अब्दुल बारी इथेच राहिला

३० सप्टेंबर २०२३, शनिवार. सकाळची शाळा सुटली होती आणि आम्ही चार-पाच शिक्षक चाचणीचे पेपर तपासायला थांबलो होतो. चीनमधल्या हांगझोउला आशियाई क्रीडा स्पर्धा चालू होत्या. त्या एकाच दिवशी भारत-पाकिस्तान अशा दोन लढती होत्या. संध्याकाळी हॉकी आणि त्याआधी पुरुषांच्या स्क्वॉशची सांघिक अंतिम लढत. एका सहकाऱ्याने मोबाइल पेपरांच्या गठ्ठ्याला टेकवून उभा केला. पहिल्या सामन्यात मुंबईचा महेश माणगावकर पाकिस्तानच्या नासिर इक्बालकडून हरला. दुसऱ्यात सौरव घोषालने मोहम्मद आसिम खानला हरवून बरोबरी साधली. आता सगळं तिसऱ्या सामन्यावर आलं. इकडे चेन्नईचा अभय सिंग, तिकडे पेशावरचा नूर जमान.

पेपर बाजूला राहिले. आणि नेमकं तेव्हाच एका गुरुजींनी हसत हसत विचारलं, "सर, खरं सांगा हं, तुम्ही कुणाकडून?"

असा प्रश्न मी आयुष्यात किती वेळा ऐकलाय याची मोजदाद ठेवलेली नाही. क्रिकेटमुळे त्याची सवय झाली आहे. विचारणारा माणूस वाईट नसतो, बहुतेकदा मित्रच असतो. म्हणून तर उत्तर देणं अवघड जातं. रागावलं तर चिडका ठरतो, गप्प बसलं तर संशय राहतो, आणि छातीवर हात ठेवून देशभक्तीची ग्वाही द्यायची तर ती पेपर तपासताना का द्यायची, असं वाटतं. मी म्हटलं, "मी मार्करकडून."

कुणाला काही कळलं नाही. सगळे हसले, विषय संपला. पण ते उत्तर मी टाळण्यासाठी दिलेलं नव्हतं. त्यामागे एका माणसाची गोष्ट आहे. ती माणसं विसरून गेली आहेत, म्हणून इथे लिहितोय.

आधी खेळाबद्दल दोन शब्द, कारण आठवीच्या वर्गात मी स्क्वॉशचं नाव काढलं तेव्हा एका मुलीने विचारलं होतं, "सर, ते संत्र्याचं सरबत ना?" तिचं चुकलं नव्हतं. डहाणू-तलासरीच्या दुकानांत स्क्वॉश म्हणजे बाटलीच. खेळातलं स्क्वॉश चार भिंतींच्या आत चालतं. ९.७५ मीटर लांब आणि ६.४० मीटर रुंद अशी खोली. आमच्या वर्गापेक्षा थोडी मोठी. दोघे खेळाडू जाळीच्या दोन बाजूंना नसतात, एकाच खोलीत शेजारी-शेजारी असतात. दोघांचं तोंड एकाच भिंतीकडे. रॅकेटने लहानसा रबरी चेंडू समोरच्या भिंतीवर मारायचा आणि तो दोनदा टप्पा पडण्याआधी दुसऱ्याने परत मारायचा. चेंडू थंड असला की उसळतच नाही, आधी मारून-मारून तो गरम करावा लागतो. बाकी नियम नंतर. मला या खेळात सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे की प्रतिस्पर्धी समोर नसतो, खांद्याला खांदा लावून असतो, आणि त्याला वाट करून द्यावी लागते.

हा खेळ आला कुठून? याचा मोठा भाऊ म्हणजे रॅकेट्स, आणि त्या रॅकेट्सची एक जन्मभूमी लंडनचा फ्लीट तुरुंग. कर्ज फेडता न आलेल्या लोकांना तिथे डांबून ठेवत. ते बिचारे वेळ घालवायला तुरुंगाच्या भिंतीवर चेंडू मारत बसत. पुढे श्रीमंतांच्या हॅरो या शाळेतल्या मुलांनी हा खेळ उचलला आणि एकोणिसाव्या शतकात तिथेच मऊ, दबणाऱ्या चेंडूचा स्क्वॉश तयार झाला. मुलं मोठी होऊन फौजेत आली, फौज हिंदुस्थानात आली, आणि छावणी तिथे क्लब, क्लब तिथे कोर्ट असं होत गेलं. कैद्यांचा खेळ साहेबांचा झाला तो असा.

साहेब खेळणार म्हटल्यावर चेंडू उचलायला माणूस हवा. कोर्ट झाडायला हवा, रॅकेटच्या तारा ओढायला हवा, गुण मोजायला हवा. साहेबाला जोडीदार मिळाला नाही तर त्याच्याशी खेळायलाही हवा. या माणसाला म्हणायचं मार्कर. बिलियर्डला मार्कर, टेनिसला मार्कर, स्क्वॉशला मार्कर. जिमखान्यांच्या जुन्या जगात हा शब्द सगळीकडे होता. मार्कर साहेबापेक्षा चांगला खेळायचा हे साहेबालाही माहीत असायचं आणि मार्करलाही. पण क्लबाचा सभासद साहेब होता.

पेशावरजवळ नवां किल्ली नावाचं एक लहान पठाणी गाव आहे. छावणीला लागून असल्यामुळे गावातली माणसं पिढ्यान्पिढ्या क्लबात नोकरी करत. तिथल्या अब्दुल्ला खान यांचा मुलगा हाशिम, जन्म १९१४च्या आसपासचा. वडील साहेबांच्या क्लबात कामाला होते. कोर्टांना छप्पर नव्हतं, त्यामुळे जोरात मारलेला चेंडू भिंतीबाहेर जायचा. तो आणून द्यायचं काम हाशिमचं. वडील लवकर वारले. शाळा सुटली. दुपारी उन्हाच्या तडाख्यात साहेब लोक झोपायला गेले की कोर्ट रिकामं व्हायचं, आणि हा पोरगा अनवाणी, तापलेल्या फरशीवर एकटाच खेळत बसायचा. एक फटका हाशिमचा, दुसरा फटकाही हाशिमचा. दुसरं कुणी खेळायला नव्हतंच.

शिक्षक म्हणून मला इथे थांबावंसं वाटतं. आम्ही बी.एड.ला स्वयंअध्ययनावर पानंच्या पानं लिहिली आहेत. त्यातल्या एकाही पानावर हाशिम खान नव्हता.

१९४२च्या सुमाराला हाशिम ब्रिटिश हवाई दलाच्या अधिकाऱ्यांचा स्क्वॉश प्रशिक्षक झाला. आणि १९४४ साली तो मुंबईत आला. अखिल हिंदुस्थान स्क्वॉश अजिंक्यपद स्पर्धा पहिल्यांदा भरली होती, मुंबईत. पेशावर ते मुंबई धावणारी फ्रंटियर मेल तेव्हा याच बी.बी.सी.आय.च्या रुळांवरून, आमच्या डहाणू रोडवरून जात असे. ती गाडी आजही जाते. नाव बदलून गोल्डन टेंपल मेल झालंय आणि आता ती अमृतसरला संपते. पुढचे रूळ दुसऱ्या देशात आहेत. पहाटेच्या लोकलची वाट बघत फलाटावर उभा असतो तेव्हा हा विचार हमखास येतो.

मुंबईत त्या काळी जे नावाजलेले स्क्वॉशपटू होते त्यांत अब्दुल बारी हे नाव वर होतं. हाही पठाणच, हाशिमचा लांबचा नातेवाईक. म्हणजे मुंबईत आमनेसामने आले ते दोन नात्यातले पठाण, आणि दोघेही क्लबच्या नोकरीतून खेळ शिकलेले. हाशिमने १९४४ची स्पर्धा जिंकली. १९४५ची जिंकली. १९४६चीही जिंकली. फाळणीआधीच्या मुंबईतल्या स्पर्धांमध्ये त्याने बारीला एकदा नव्हे, अनेकदा हरवलं.

याच वर्षांत आमच्याकडे काय चाललं होतं? मे १९४५मध्ये तलासरीजवळच्या झरी गावात हजारो वारली जमले आणि शामराव व गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली, किसान सभेच्या झेंड्याखाली, त्यांनी वेठ करायची नाही असा निर्धार केला. जमीनदाराच्या शेतात फुकट राबणं बंद. माझ्या वर्गात त्या वारल्यांची पणतवंडं बसतात. झरीचं नाव घेतलं की त्यांची मान ताठ होते. वेठबिगार आणि मार्कर एकच, असं म्हणायचं नाही मला. मार्करला पगार होता, इनाम होतं, साहेबाची शाबासकी होती, आणि वारल्याच्या वाट्याला मार होता. पण दुसऱ्याच्या मौजेसाठी आपलं अंग झिजवायचं आणि त्यात आपलं नाव कुठेच लिहिलं जायचं नाही, एवढं सारखेपण मला दिसतं. तलासरीच्या मुलांना हाशिम खान कोण हे पटकन समजतं, शहरातल्या मुलांना जरा वेळ लागतो.

मग १९४७ आलं.

नवां किल्ली पाकिस्तानात गेलं. हाशिम तिथलाच, तो तिथे राहिला. अब्दुल बारीचं मूळ सरहद्दीपलीकडचं, भाऊबंद तिकडचे, भाषा तिकडची. त्याला जायला कुणी अडवलं नसतं. गेला असता तर कुणी कारण विचारलं नसतं. तो इथेच राहिला, हिंदुस्थानात. का राहिला याचं तत्त्वज्ञान शोधायच्या भानगडीत मी पडत नाही. लाखो मुसलमान राहिले ते भाषण ऐकून नव्हे. घर इथे होतं, काम इथे होतं, कबरी इथे होत्या. त्याच सुमारास पेशावरचा आणखी एक पठाण मुंबईत होता, फळांच्या व्यापाऱ्याचा मुलगा, युसूफ खान. तोही इथेच राहिला, त्याला आपण दिलीपकुमार म्हणून ओळखतो. राहिलेल्यांपैकी एकाला पडदा मिळाला. दुसऱ्याला चार भिंती मिळाल्या, आणि चार भिंतींच्या आत काय घडलं ते बाहेर कुणी पाहिलं नाही.

१९५० साली ब्रिटिश ओपनसाठी अब्दुल बारीला भारताकडून इंग्लंडला पाठवण्यात आलं. ब्रिटिश ओपन म्हणजे तेव्हा स्क्वॉशची जागतिक स्पर्धाच, वेगळं विश्वविजेतेपद तोवर नव्हतं. देश नुकताच स्वतंत्र झालेला, प्रजासत्ताक होऊन काही महिने झालेले. आणि हा माणूस त्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचला. समोर इजिप्तचा महमूद करीम होता, लागोपाठ तीन वर्षांचा विजेता. करीम जिंकला, चौथ्यांदा. बारी उपविजेता ठरला.

हे वाक्य पुन्हा वाचा, मीही पुन्हा लिहितो. १९५० साली एक भारतीय मुसलमान स्क्वॉशच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेचा अंतिम सामना खेळला. आज तुम्ही दहा क्रीडाप्रेमींना त्याचं नाव विचारा. मी विचारलंय. एकालाही सांगता आलं नाही. त्या दहांत मीही एकेकाळी होतो.

बारीचा उपविजेतेपदाचा गाजावाजा पेशावरला पोहोचला तेव्हा हाशिमच्या मनात काय आलं असेल ते सांगायला नको. ज्याला आपण मुंबईत पुन्हा पुन्हा हरवलं तो लंडनमध्ये अंतिम फेरीत जातो, तर मग आपण काय करतोय इथे? त्याने पाकिस्तानी हवाई दलाकडे खटपट केली, पाठबळ मिळालं, आणि १९५१ साली वयाच्या छत्तीस-सदतीसाव्या वर्षी, ज्या वयात खेळाडू निवृत्तीचं बोलतात, तो ब्रिटिश ओपन खेळायला गेला. अंतिम सामन्यात समोर तोच महमूद करीम. हाशिमने त्याला ९-५, ९-०, ९-० असं हरवलं. शेवटच्या दोन गेममध्ये करीमला एकही गुण मिळाला नाही.

त्यानंतरचा इतिहास माहितीचा आहे, म्हणून भरभर सांगतो. हाशिमने ही स्पर्धा सात वेळा जिंकली, १९५१ ते ५६ सलग आणि पुन्हा १९५८ला. मधलं १९५७ त्याच्याच नात्यातल्या रोशन खानने नेलं. मग धाकटा भाऊ आझम १९५९ ते ६२, मग मोहिबुल्लाह १९६३. एका खेड्यातले, एका नात्यागोत्यातले लोक बारा-तेरा वर्षं जगावर राज्य करत होते. पुढे १९७५ला कमर जमान. आणि मग रोशनचा मुलगा जहांगीर, जन्म १९६३चा, लहानपणी आजारी, डॉक्टरांनी धावपळीचे खेळ नकोत असं बजावलेला. थोरला भाऊ तोरसम १९७९ला ऑस्ट्रेलियात अॅडलेडला कोर्टवर खेळता खेळता कोसळला आणि गेला. त्यातून सावरून जहांगीर १९८१ला सतराव्या वर्षी ऑस्ट्रेलियाच्या जेफ हंटला हरवून विश्वविजेता झाला आणि पाच वर्षांहून अधिक काळ एकही सामना हरला नाही. ५५५ सामने, असा आकडा सांगितला जातो. दहा ब्रिटिश ओपन. आणि जहांगीरच्या पाठोपाठ त्याच नवां किल्लीचा जानशेर, आठ वेळा विश्वविजेता.

या साखळीची पहिली कडी कुठली? पाकिस्तानात लिहिलेलं जे काही माझ्या वाचनात आलं त्यात ती १९५१ आहे. माझ्या मते ती १९५० आहे, आणि ती कडी मुंबईच्या बाजूची आहे. अब्दुल बारी अंतिम फेरीत गेला नसता तर हाशिमला पेशावरहून उठून जायची निकड भासली नसती, आणि हवाई दलाच्या अधिकाऱ्यांनाही पैसे काढायचं कारण सापडलं नसतं. चाळिशीकडे झुकलेल्या प्रशिक्षकावर कोण खर्च करतो? पण त्या गोष्टींमध्ये बारी एका ओळीपुरता येतो, हाशिमला डिवचणारं निमित्त म्हणून. आपल्याकडे तर ती एक ओळही नाही.

मला आता आमच्या घरातली गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर दोष सगळा दुसऱ्यांच्या पदरात घातल्यासारखं होईल.

अब्बा चिकूच्या पेट्या भरून गाडीवर चढवायचं काम करायचे. मुंबईहून येणारा 'इन्किलाब' त्यांच्या हाती पडे तो दुपारी. पेट्या लावून झाल्या की तिथेच गोणपाटावर बसून ते तो पहिल्या पानापासून वाचायचे, आणि खेळाच्या पानावर जहांगीर खानचं नाव असलं की मोठ्याने वाचायचे. घरी एका जुन्या वहीत जहांगीरचं कात्रण चिकटवलेलं होतं. नंतर जानशेरचंही. अब्बांनी स्क्वॉश कधी पाहिला नव्हता. भिंतीवर चेंडू मारतात एवढं माहीत. पण गोरे लोक हरतात आणि खान जिंकतो, यात त्यांना सुख होतं. मी त्याला पाकिस्तानप्रेम म्हणणार नाही. दिवसभर दुसऱ्यांचे चिकू मोजणाऱ्या माणसाला, आपल्यासारखं नाव असलेला कुणीतरी जगात पहिला आहे, याचा आधार वाटत असेल. पण मी हेही लपवणार नाही की त्या वहीत अब्दुल बारीचं कात्रण नव्हतं. मोहल्ल्यात कुणाच्याच वहीत नव्हतं. जो तिकडे होता त्याचं नाव आम्हाला पाठ होतं आणि जो आमच्यासाठी, आमच्यासारखाच, इथे राहिला होता, त्याची आम्हाला दखलही नव्हती. इतरांनी त्याला विसरणं हा त्यांचा भाग झाला. आम्ही विसरलो ते आमच्या खात्यावर.

बारीनंतर इथला खेळ आटला असं मात्र नाही. मुंबईत जन्मलेल्या अनिल नायरने १९६५ला इंग्लंडमध्ये कुमारांचा ड्रायस्डेल चषक जिंकला, पुढे हार्वर्डला शिकायला गेला आणि १९६९ व १९७०ला अमेरिकेचा राष्ट्रीय विजेता झाला. भारतातला आणखी एक विजेता, तोही युसूफ खान (हे नाव या गोष्टीची पाठ सोडत नाही), १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या सिएटलला जाऊन तिथला प्रशिक्षक झाला, आणि त्याच्या मुली तिथल्या राष्ट्रीय विजेत्या झाल्या. खेळ क्लबांच्या भिंतींत राहिला, एवढं खरं. मार्करची मुलं खेळायची ती क्लबात वाढली म्हणून. बाहेरच्या पोराला आत जायला दार नव्हतं, आजही फारसं नाही.

आशियाई पातळीवर अजिंक्यपदाच्या स्पर्धा १९८०च्या दशकात सुरू झाल्या आणि साहजिकच सुरुवातीची वर्षं पाकिस्तानची होती. जिथे जहांगीर आणि जानशेर एकाच देशाचे, तिथे दुसऱ्याने काय करायचं? पुढे पाकिस्तानची मक्तेदारी मोडली ती भारताने नव्हे. मलेशियाच्या ओंग बेंग हीसारखे खेळाडू पुढे आले, मग हाँगकाँग, कुवेत. भारताचा एकही पुरुष आशियाई एकेरी विजेता झाला नव्हता. २०१७ला चेन्नईत ही स्पर्धा भरली, घरच्या प्रेक्षकांपुढे कोलकात्याचा सौरव घोषाल अंतिम फेरीत गेला आणि हाँगकाँगच्या मॅक्स लीकडून हरला. त्याच वेळी महिलांमध्ये जोश्ना चिनप्पा जिंकली.

मग ५ मे २०१९, क्वालालंपूर. रमजान दोन दिवसांवर आला होता, घरात सामानाची यादी चालू होती. घोषाल बत्तीस वर्षांचा होता आणि महिन्याभरापूर्वीच जगातल्या पहिल्या दहांत गेलेला पहिला भारतीय पुरुष ठरला होता. त्याने हाँगकाँगच्या लिओ ऑला हरवलं आणि आशियाई अजिंक्यपदाची पुरुष एकेरी जिंकणारा तो पहिला भारतीय झाला. जोश्नानेही आपलं विजेतेपद राखलं. बारीच्या लंडनच्या अंतिम सामन्याला ६९ वर्षं झाली होती.

मी अब्बांना सांगायला गेलो. त्यांची नजर अधू झाली होती, पेपर वाचून दाखवावा लागे.

"अब्बा, स्क्वॉशमध्ये एशियाचा चॅम्पियन हिंदुस्तानी झाला."

"अच्छा? खानला हरवलं?"

"नाही. हाँगकाँगच्या मुलाला."

ते थोडे हिरमुसले. मग म्हणाले, "खान उरलेच नसतील आता."

ते अगदीच चूक नव्हतं. आज या खेळावर इजिप्तची हुकूमत आहे, पाकिस्तानला जुने दिवस आठवावे लागतात. तेव्हा मी त्यांना बारीची गोष्ट सांगितली. नुकतीच मला कळली होती. आधी मुंबई, मग फाळणी, मग लंडन. ते ऐकत राहिले. शेवटी त्यांनी एकच विचारलं: "वही में नहीं है ना?" मी म्हटलं, नाही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यानंतरच्या वर्षी ते गेले. वही माझ्याकडे आहे.

तर, हांगझोउ. अभय सिंग आणि नूर जमान पाचव्या गेमपर्यंत गेले होते. नूर हा कमर जमानचा नातू, म्हणजे १९७५च्या ब्रिटिश ओपन विजेत्याचा. त्या पोराच्या पाठीमागे सगळं पेशावर उभं होतं. तो विजयापासून एका गुणावर आला. खोलीत कुणी श्वास घेत नव्हतं. मोबाइलची बॅटरी नऊ टक्के. अभयने दोन मॅच पॉइंट वाचवले आणि गेम १२-१० असा जिंकला. भारताला सुवर्ण. टेबलावर हात आपटले गेले, लाल पेन खाली पडलं, ज्यांनी मला प्रश्न विचारला होता त्याच गुरुजींनी मला मिठी मारली. त्या मिठीत काही खोट नव्हती, हे मी नक्की सांगू शकतो. मीही ओरडत होतो. आणि नूर जमान भिंतीला टेकून उभा राहिलेला दिसला तेव्हा मला त्याच्याबद्दल वाईटही वाटलं. एवढ्या दोन्ही गोष्टी माणसाच्या मनात एकाच वेळी राहू शकतात. गुरुजींना पुढे चहाच्या वेळी मी मार्कर म्हणजे काय ते सांगितलं. बारी, हाशिम, सगळं. त्यांनी चहा गार होऊ दिला. "हे पुस्तकात का नाही?" असं त्यांनी विचारलं. मीच भाषेचा शिक्षक आहे, ते इतिहासाचे. म्हटलं, "हे तुम्ही सांगा."

यानंतर पंधरा-सोळा दिवसांत, १६ ऑक्टोबर २०२३ला, आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने स्क्वॉशला २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये प्रवेश दिला. हा निर्णय झाला तो समितीच्या मुंबईत भरलेल्या अधिवेशनात. ज्या शहरात १९४४ला दोन मार्कर समोरासमोर उभे राहिले होते, त्याच शहरात. वर्तमानपत्रांत दुसऱ्या दिवशी सगळा मथळा क्रिकेटचा होता, कारण त्याच ठरावात क्रिकेटही आलं. ते आपल्या देशाच्या स्वभावाला धरूनच झालं.

हाशिम खान ऑगस्ट २०१४मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात वारला, शंभरीच्या घरात. जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्याच्यावर लिहिलं, आणि योग्यच केलं. त्यातल्या काही लेखांत मुंबई होती आणि बारी नावाचा एक नातेवाईक होता.

आमच्या शाळेच्या मागच्या भिंतीवर मुलांनी विटेच्या तुकड्याने तीन रेघा मारल्या आहेत. मापं मी सांगितली, टेप सुताराकडून आणली. खालची रेघ जमिनीपासून ४८ सेंटिमीटर, वरची ४.५७ मीटर, तिथे हात पोचत नव्हता म्हणून आठवीतल्या तलासरीच्या एका मुलाला शिडीवर चढवलं. बाजूच्या भिंती नाहीत, छप्पर नाही, पेशावरसारखंच. चेंडू सतत चिकूच्या वाडीत जातो. रॅकेट दोनच आहेत, त्याही बॅडमिंटनच्या, त्यातल्या एकीच्या तारा मी स्वतः बसवल्या आणि वाईट बसवल्या. शिपाईमामा म्हणतात, चुना दिवाळीत मारलाय, तुमच्या चेंडूने डाग पडतात.

शिडीवर चढलेला तो मुलगा स्वतः खेळत नाही. सांधीतल्या दगडावर बसून गुण मोजतो, आणि चेंडू वाडीत गेला की धावत जाऊन आणतो. गेल्या आठवड्यात मी त्याला उठवलं, रॅकेट हातात दिली आणि दगडावर मी बसलो. पहिला गेम तो ११-४ असा हरला. दुसऱ्यात ९-९ झालं तेव्हा घंटा वाजली.